बंदर भरले असता नांगर कोठे टाकावा?

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या मराठी भाषेत शेतकऱ्याच्या आणि खलाशाच्या अवजाराला एकच नाव आहे. ते नाव म्हणजे नांगर. एकाचा नांगर शेतात शिरतो, दुसऱ्याचा समुद्राच्या तळाशी. १९३३ साली जेफ्री टेलर या इंग्रज गणितज्ञाने, जो स्वतः शिडाच्या नौकेचा शौकीन होता, लहान नौकांसाठी एक नवा नांगर तयार केला. त्याचा आकार शेतातल्या नांगराच्या फाळासारखा होता, आणि म्हणून इंग्रजीत त्याला शेतीच्याच नांगराचे नाव मिळाले. जी गोष्ट आपल्या कोळ्यांच्या आणि कुणब्यांच्या बोलीने फार पूर्वीच एका शब्दात सांगून ठेवली होती, ती त्या विद्वानाने लोखंडात उतरविली. ती गोष्ट अशी की, नांगर केवळ वजनाने धरीत नाही. तो जमिनीत रुततो म्हणून धरतो.

हा नांगर नेमका कोठे टाकावा, एवढाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठी मी आपणांस ग्रीस देशातील एका लहानशा बेटावर नेणार आहे. आपल्यापैकी जे गोव्याच्या किनाऱ्यावर राहतात त्यांना समुद्र नवा नाही. जे इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव किंवा हैदराबाद येथे आहेत, त्यांनी कदाचित समुद्र सहलीपुरताच पाहिला असेल. परंतु पाहुणा म्हणून जाताना कोठे थांबावे, किती जागा व्यापावी आणि केव्हा दुसरे दार पाहावे, हा प्रश्न तर आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे.

त्या बेटाचे नाव ईद्रा. इंग्रजी नकाशावर आपण ते हायड्रा असे वाचतो. अथेन्सचे बंदर जे पिरेअस, तेथून ते सुमारे ३५ ते ४० सागरी मैलांवर, पेलोपोनीसच्या पूर्व किनाऱ्याजवळ आहे. लांबट, अरुंद, खडकाळ असे हे बेट. क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर आणि वस्ती दोन हजारांच्या आसपास. नावाचा संबंध पाण्याशी आहे, पण झरे केव्हाच आटले. कित्येक वर्षे येथे पिण्याचे पाणी मुख्य भूमीवरून जहाजाने आणावे लागे. अलीकडे खारे पाणी गोडे करण्याची यंत्रे बसविली आहेत. बेटावर मोटारगाड्यांना मनाई आहे. सामान वाहावयाचे ते खेचरांच्या पाठीवर किंवा हातगाडीवर. म्हणून बंदर हेच या गावाचे स्टेशन, हीच बाजारपेठ आणि हाच हमरस्ता होय.

हे बंदर घोड्याच्या नालेसारखे आहे. तोंड उत्तरेकडे, आणि तिन्ही बाजूंनी डोंगरावर चढत गेलेली दगडी घरे. बंदराच्या तोंडाशी दोन्ही अंगांना जुन्या तोफा आजही मांडून ठेविलेल्या दिसतात. नेपोलियनच्या युद्धकाळात इंग्रजांची नाकेबंदी चुकवून येथील जहाजे धान्य वाहून नेत आणि त्या धाडसातून या उजाड खडकावर मोठी संपत्ती आली. पुढे १८२१ साली ग्रीकांचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा कुंदुरिओतिस, तोंबाझिस यांसारख्या घराण्यांनी आपली जहाजे आणि आपले धन राष्ट्राच्या स्वाधीन केले. आंद्रेआस मिआऊलिस हा आरमाराचा सेनापती याच ईद्राचा. कान्होजी आंग्रे यांचे नाव ज्या अभिमानाने आपल्या कोकणात घेतले जाते, त्याच अभिमानाने तेथे मिआऊलिसचे नाव घेतात आणि दरसाल जून महिन्यात त्याच्या नावाने उत्सव करतात.

अशा या इतिहासप्रसिद्ध, देखण्या, पण अगदी चिमुकल्या बंदरात आज उन्हाळ्याच्या दिवसांत शिडाच्या आणि यंत्राच्या क्रीडानौकांची एवढी गर्दी होते की, दुपारनंतर येणाऱ्याला पाण्याचा मोकळा तुकडा दिसणे कठीण. क्रीडानौका म्हणजे ज्यांना आपण यॉट म्हणतो त्या. १० ते १५ मीटर लांबीची नौका, आठवड्याभराच्या भाड्याने घेतलेली. तीत पाच-सहा माणसे, आणि त्यांच्यापैकीच एकजण तांडेल. या तांडेलापुढे ईद्राला पोहोचल्यावर कोणकोणते मार्ग असतात, ते आता क्रमाने पाहू.

पहिला मार्ग अर्थातच बंदराच्या धक्क्याला लागण्याचा. येथे आपल्याकडच्या बंदरांत आणि भूमध्य समुद्रातील बंदरांत एक मोठा फरक आहे, तो प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. आपल्याकडे भरती-ओहोटी असते. गोव्याला पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते; मुंबईला मोठ्या भरतीच्या वेळी चार-पाच मीटर; आणि बडोद्याच्या श्रोत्यांना ठाऊक असेल की, खंबायतच्या आखातात हा फरक १० मीटरांच्या घरात जातो. सकाळी धक्क्याला आखूड दोराने बांधलेली होडी दुपारी टांगली जावयाची किंवा चिखलात बसावयाची. ग्रीसच्या समुद्रात मात्र भरती जेमतेम वीतभर. धक्का आणि नौका यांची उंची दिवसभर जवळजवळ सारखीच राहते. त्यामुळे तेथे नौका धक्क्याला आडवी न लावता पिछाडी धक्क्याकडे करून उभी लावतात. दोन्हींमध्ये एक फळी टाकली की, माणसे घरात शिरावे तशी जा-ये करतात. आडवी लावली तर जेवढ्या जागेत एक नौका मावेल, तेवढ्यात उभ्या तीन मावतात.

याची रीत ऐकावयास सोपी, करावयास नाजूक आहे. धक्क्यापासून नौकेच्या तीन-चार लांबी दूर, म्हणजे सुमारे ४० ते ५० मीटरांवर, नाळेवरून नांगर खाली सोडावयाचा. मग यंत्र उलटे चालवून नौका हळूहळू मागे न्यावयाची आणि त्याबरोबर साखळी सोडीत जावयाची. धक्का जवळ आला की, पिछाडीचे दोन दोर धक्क्यावरील खुंट्यांना अडकवून घ्यावयाचे, आणि शेवटी नाळेवरच्या रहाटाने साखळी ताणून पाहावयाची. साखळी ताठ राहिली तर नांगर रुतला. सैल होऊन येऊ लागली तर तो नुसता घसरतो आहे असे समजावे आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. शेजारच्या नौकांना घासू नये म्हणून दोन्ही अंगांना हवा भरलेले रबरी फुगे बांधलेले असतात. म्हणजे नौकेला पुढून नांगराचा आधार आणि मागून धक्क्याचा. हा पुढचा आधार खोटा असला तर वारा सुटताच नौका मागे जाऊन दगडावर आदळते. सुकाणू पिछाडीला असते, तेव्हा पहिला तडाखा त्यालाच बसावयाचा.

ईद्राला या रीतीतील खरी अडचण निराळीच आहे. बंदर नालेसारखे वळलेले आणि अरुंद असल्यामुळे समोरासमोरच्या धक्क्यांवरील नौकांचे नांगर बंदराच्या मध्यभागी एकत्र येतात. कालच्या साखळीवर आजची साखळी पडते. संध्याकाळी याचा पत्ता कोणाला लागत नाही. सकाळी जो प्रथम निघतो, त्याच्या नांगराबरोबर शेजाऱ्याची साखळी वर येते. आरडाओरडा करून ती सुटत नाही. त्यावरचा उपाय साधा आहे. वर आलेल्या परक्या साखळीखालून एक दोर ओवून तो आपल्या नौकेला बांधावा, म्हणजे साखळीचा भार दोरावर येतो. मग आपला नांगर थोडा खाली सोडून बाजूला काढावा, आणि शेवटी दोराचे एक टोक सोडून शेजाऱ्याची साखळी हलकेच पाण्यात जाऊ द्यावी. अर्ध्या तासाचे काम. परंतु हे करताना आपण शेजाऱ्याचा नांगर उपटला असण्याचा संभव असतो. त्याला हाक मारून तसे सांगणे हा समुद्रावरील शिष्टाचार आहे, आणि त्याहीपेक्षा ती त्याच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे.

धक्क्याची पहिली रांग भरली म्हणजे दुसरी रांग लागते, आणि कधी कधी तिसरीही. हा दुसरा मार्ग. मागून आलेली नौका पुढच्या दोन नौकांच्या नाळांमध्ये आपली पिछाडी घालते, आपला नांगर आणखी दूर टाकते आणि त्यांनाच दोर बांधते. तिच्यावरील माणसांना गावात जावयाचे तर पहिल्या रांगेतील नौकांवरून जावे लागते. दुसऱ्याच्या माजघरातून वाट असावी तसा हा प्रकार. म्हणून तेथे काही संकेत रूढ आहेत. आधी परवानगी विचारावी, पादत्राणे हातात घ्यावी, मधल्या बैठकीच्या जागेतून न जाता नाळेकडून जावे, आणि रात्री परतताना बोलणे हळू असावे. शिवाय पहाटे पहिल्या रांगेतील कोणास निघावयाचे असेल तर बाहेरच्याने उठून वाट करून दिली पाहिजे. ज्याला हे जमणार नाही, त्याने दुसऱ्या रांगेत बांधू नये.

आता वाऱ्याकडे वळू. बंदराचे तोंड उत्तरेकडे आहे, हे मी मघाशी सांगितले. उन्हाळ्यात एजिअन समुद्रावर उत्तरेकडून जो वारा वाहतो त्याला आज मेल्तेमी म्हणतात. या वाऱ्याचा आपल्या देशाशी संबंध आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. ज्या उन्हाने वायव्य हिंदुस्थान तापतो आणि हवेचा दाब उतरून आपल्याकडे मोसमी पाऊस ओढला जातो, त्याच कमी दाबाचा पट्टा पश्चिमेस इराणवरून थेट तुर्कस्तानापर्यंत पोहोचतो. दुसऱ्या बाजूस बाल्कन प्रदेशावर दाब अधिक असतो. त्या दोहोंच्या मधल्या उतारावरून जो वारा धावतो तोच मेल्तेमी. म्हणजे आपल्या कौलांवर जुलैचा पाऊस कोसळत असतो, त्याच वेळी त्याच कारणाची दुसरी शाखा ग्रीसच्या निरभ्र आकाशाखाली समुद्र उसळवीत असते. ईद्राच्या भागात त्याचा जोर मधल्या एजिअनइतका नसतो, हे खरे. तथापि उत्तरेचा वारा जोरात सुटला की, बंदरात हेलकावे सुरू होतात. त्यात दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या जलद प्रवासी बोटींच्या लाटांची भर पडते. अशा वेळी नौका धक्क्यापासून दोन-तीन हात दूर ओढून ठेवावी लागते, आणि उत्तरेचे वादळ यावयाचे असेल तर त्या बंदरात नसलेलेच बरे.

तिसरा मार्ग शेजारच्या उपसागराचा. बंदराच्या पूर्वेस मंद्राकी नावाची खाडी आहे. ईद्राच्या जुन्या आरमाराची गलबते येथेच नांगरून ठेवीत. आजही बंदर भरले की तांडेल प्रथम तिकडे पाहतो. परंतु तेथे पाणी किनाऱ्याजवळच खोल होत जाते, आणि खोल पाण्यात नांगरण्याचा एक हिशेब असतो. तो मी आमच्या वर्गात भूमिती शिकविताना उदाहरण म्हणून घेत असतो. नांगर रुतून राहावयाचा तर त्यावरची ओढ आडवी पडली पाहिजे, उभी नव्हे. शेतातही बैल आडवे ओढतात म्हणून फाळ जमिनीत जातो. वर उचलला तर तो बाहेर येतो. ओढ आडवी ठेवावयाची म्हणजे साखळी लांब सोडावयाची, निदान खोलीच्या चार-पाच पट. पाणी पाच मीटर असेल तर २५ मीटर साखळी पुरे. पाणी दहा मीटर झाले की ५० मीटर हवी. आणि वारा फिरला म्हणजे १२ मीटरांची नौका त्या ५० मीटरांच्या साखळीला धरून सुमारे ६० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढणार. एवढे वर्तुळ लहान खाडीत मोकळे मिळावयाचे कोठून? म्हणून तेथे नांगर टाकल्यावर पिछाडीचा एक लांब दोर किनाऱ्यावरील खडकाला नेऊन बांधतात, म्हणजे नौकेचे फिरणे थांबते. मंद्राकीचे तोंडही उत्तरेकडेच आहे. बंदरात ज्या वाऱ्याने हाल होतात, त्याच वाऱ्याने येथेही होतात, ही गोष्ट विसरून चालत नाही.

वाऱ्याचा आणखी एक नियम येथेच सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून दुपारच्या झुळुकेत ज्या नांगराने सहज धरले, तो रात्रीच्या सोसाट्यात धरीलच असे नाही. जाणता तांडेल नांगराची परीक्षा शांत हवेत घेतो. यंत्र उलटे चालवून साखळीवर जोर देतो, किनाऱ्यावरील एखादे झाड आणि त्यामागचे घर एका रेषेत धरून ठेवतो, आणि ती रेषा मोडली तर नौका सरकते आहे हे जाणतो. रात्री डोलकाठीच्या परिसरात चहूकडून दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा काळा गोळा, ही नांगरलेल्या नौकेची खूण आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरवून दिलेली आहे.

तळ कसा आहे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. वाळू किंवा चिखल असेल तर नांगर चांगला रुतो. खडक असेल तर तो एक तर निसटतो किंवा कपारीत अडकून बसतो. भूमध्य समुद्रात तिसरा एक प्रकार आढळतो. तो म्हणजे पोसिडोनिया नावाच्या समुद्रगवताची कुरणे. हे शेवाळ नव्हे; त्याला मुळे, फुले आणि फळे असतात. वरून पाहता तळ हिरवाकाळा दिसतो. नांगर या गवताच्या गुंत्यावरून घसरत जातो आणि जाताना ते उपटून टाकतो. या वनस्पतीची आडवी खोडे वर्षाला काही सेंटिमीटरच वाढतात, म्हणजे एका नांगराने मिनिटभरात केलेली जखम भरून यावयास कित्येक वर्षे लागतात. माशांची पिल्ले त्याच कुरणांत वाढतात. युरोपीय संघाने १९९२ च्या अधिवास-संरक्षणाच्या कायद्यात या कुरणांना अग्रक्रमाचे संरक्षण दिले आहे. येथे नौकेची सुरक्षितता आणि समुद्राचे हित ही दोन्ही एकच गोष्ट सांगतात. पाण्यातून फिकट दिसणारा वाळूचा तुकडा शोधावा आणि नांगर तेथेच टाकावा.

चौथा मार्ग दोकोस बेटाचा. ईद्राच्या पश्चिमेस, मुख्य भूमीच्या बाजूला हे जवळजवळ निर्जन बेट आहे. त्याच्या मोठ्या उपसागरात नौका नांगरून रात्र काढता येते. तेथे दुकान नाही, धक्का नाही, दिव्यांची रोषणाई नाही. परंतु या पाण्याखाली एक मोठी ठेव सापडली. १९७५ साली पीटर थ्रॉकमॉर्टन या संशोधकाला येथे समुद्रतळाशी मातीच्या भांड्यांचा मोठा साठा दिसला. इसवी सनापूर्वी सुमारे २२०० वर्षांच्या सुमारास बुडालेल्या एका नौकेचा तो माल होता असे मानतात; जहाजाचे लाकूड केव्हाच नाहीसे झाले होते. पुढील उत्खननात त्याच परिसरात दगडाचे नांगरही सापडले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एखाद्या तांडेलाने याच आडोशाकडे पाहून थांबण्याचा विचार केला असेल, ही कल्पना मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

पाचवा मार्ग मला स्वतःला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो म्हणजे नौका ईद्राला न्यावयाचीच नाही. समोर पेलोपोनीसच्या किनाऱ्यावर एर्मिओनी नावाचे गाव एका लांब भूशिरावर वसले आहे. त्याच्या दोन्ही अंगांना बांधण्याची सोय असल्याने एका बाजूला वारा लागला तर दुसरी बाजू मिळते. तेथून प्रवासी बोटीने ईद्राला जाता येते. ईद्राच्या अगदी समोर मेतोखी हे लहानसे ठिकाण आहे. तेथूनही बोट अर्ध्या तासाच्या आत पोहोचविते. उत्तरेस पोरोस बेटाचा मोठा, चोहोबाजूंनी झाकलेला जलाशय आहे, तो या भागातील उत्तम आसऱ्यांपैकी एक होय. नौका सुरक्षित ठेवून, हातात पिशवी घेऊन, सामान्य उतारूसारखे ईद्राच्या धक्क्यावर उतरणे यात काही कमीपणा नाही. उलट रात्री साखळी घसरेल काय, या काळजीवाचून ते सुंदर गाव डोळे भरून पाहता येते.

श्रोतेहो, आता खरा पेच कोठे आहे तो पाहा. हे पाचही मार्ग सकाळी अकरा वाजता उघडे असतात. दुपारी तीनला त्यांतील दोन उरतात. संध्याकाळी सातला, वारा वाढलेला, ऊन उतरलेले, मुले कंटाळलेली, आणि सर्वांनी मनाशी धरलेले की आजची रात्र ईद्रालाच. अशा वेळी बंदराच्या तोंडाशी आलेल्या तांडेलाला एकही मार्ग धड उरत नाही. मग तो जेथे जागा नाही तेथे नौका घुसवू पाहतो, कोणाच्या तरी साखळीवर आपला नांगर टाकतो, आणि त्या रात्री दोन-चार कुटुंबांची झोप त्या एका हट्टावर टांगलेली राहते. निवड करावयाची ती निवड करण्याची मोकळीक असते तेव्हाच केली पाहिजे.

ग्रीक बेटाच्या बंदरासंबंधी असाच एक वाद फार जुन्या काळी झाला होता, आणि त्याची हकीकत नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात दिलेली आहे. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे जहाज क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील सुबंदर नावाच्या ठिकाणी थांबले होते. जागा हिवाळा काढण्यास सोयीची नव्हती. पुढे जाऊ नये असे पौलाने सुचविले. परंतु तांडेलाचे, जहाजाच्या मालकाचे आणि बहुतेकांचे मत असे पडले की, त्याच बेटावरील अधिक चांगले बंदर गाठावे. दक्षिणेचा मंद वारा सुटताच त्यांनी नांगर उचलला, आणि थोड्याच वेळात ईशान्येच्या वादळाने जहाज उचलून नेले. चौदाव्या रात्री खलाशांनी पाण्याची खोली मोजली, ती कमी होत चालली आहे असे पाहून पिछाडीवरून चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. जहाज मेलिता म्हणजे माल्टाच्या किनाऱ्यावर फुटले. जहाजावरचे २७६ जीव मात्र सारे वाचले. खलाशीविद्येच्या दृष्टीनेही हा वृत्तांत अतिशय काटेकोर आहे. ईद्राला गर्दीच्या बंदरात अट्टाहासाने शिरणे चूक ठरते. सुबंदरात गैरसोय सोसून राहणे हेच बरोबर ठरले असते. तेव्हा पुढे जावे की थांबावे, याचा कायमचा नियम नाही. ऋतू, वारा, उरलेला प्रकाश आणि आपल्या नांगराची ताकद यांकडे पाहून तो प्रत्येक दिवशी नव्याने ठरवावा लागतो. बहुमत आणि मंद वारा ही दोन्ही फसवी असतात.

नांगर सुटला म्हणजे काय होते, हे आम्हां गोवेकरांना ग्रीसला जाऊन शिकावयास नको. २००० सालच्या जून महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, रिव्हर प्रिन्सेस नावाचे मोठे मालवाहू जहाज वादळी हवेत नांगराचा आधार सुटून कांदोळीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. ते काढून टाकण्यास जवळजवळ एक तप लागले. एका रात्रीचा वारा, आणि त्याचे गंजते स्मारक एवढी वर्षे किनाऱ्यावर.

आणि ज्याचा नांगर पक्का आहे त्याची जबाबदारीही तेथेच संपत नाही. २०२४ च्या जून महिन्यात ईद्रा बेटावरील पाइन वृक्षांच्या जंगलाला आग लागली आणि सुमारे ३० हेक्टर रान जळाले. किनाऱ्याजवळ थांबलेल्या एका क्रीडानौकेवरून उडविलेल्या शोभेच्या दारूने ही आग लागली, असा आरोप ठेवून नौकेवरील १३ कर्मचाऱ्यांना अटक करण्यात आली. ज्या बेटावर मोटारीचा रस्ता नाही, गोडे पाणी दुर्मिळ आहे, तेथे रानातील आग विझविणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकता. सात मीटरांहून लांब नौकांना ग्रीक पाण्यात फिरण्यासाठी २०१९ पासून एक कर भरावा लागतो. बंदरात बांधण्याचे शुल्क निराळे. परंतु पावती फाडली म्हणजे पाहुण्याचे देणे फिटले, असे समजणे बरोबर नाही. धक्क्यावरच्या नळाने नौका धुऊन काढणारा पाहुणा यजमानाचे पिण्याचे पाणी वाहवीत असतो.

ईद्राला जाणाऱ्या तांडेलाला, किंवा त्याच्या नौकेवर पाहुणा म्हणून जाणाऱ्या आपल्यापैकी कोणाला, थोडक्यात सांगावयाचे तर असे सांगता येईल. आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज ऐकावा. उत्तरेचा जोराचा वारा असेल तर ईद्राचे नाव त्या दिवसापुरते वगळावे. हवा शांत असेल तर दुपार होण्यापूर्वी बंदरात शिरावे. जागा असेल तर घ्यावी. नसेल तर एक फेरी मारून, गाव डोळ्यांनी पाहून, वाद न घालता बाहेर पडावे. मंद्राकीत वाळू आणि मोकळी जागा मिळाली तर ठीक, नाही तर दोकोस. आणि रात्रीच्या झोपेची किंमत ज्याला कळते त्याने एर्मिओनी किंवा पोरोस. जेथे थांबाल तेथे नांगर रुतला आहे याची खात्री करूनच किनाऱ्यावर उतरावे, आणि शेजारी कोण आहे, त्याची साखळी कोणत्या दिशेस पडली आहे, हे उजेड असतानाच विचारून घ्यावे.

ईद्राच्या तोंडाशी तोफा मांडलेल्या आहेत, त्यांचा उपयोग एके काळी नको असलेल्या जहाजांना बाहेर ठेवण्यासाठी होता. आता त्या मुक्या आहेत. येणाऱ्याला कोणी अडवीत नाही. म्हणूनच आज माघारी केव्हा वळावे, हे येणाऱ्याने स्वतः ठरवावयाचे असते.